एका अग्निशमन केंद्रातली पाळी: दुखरी पाठ, तुटलेली झोप आणि एका रात्रीनंतरचे सहा महिने

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका शहरी अग्निशमन केंद्रातल्या एका पाळीचे आहे. ओळख पटू नये म्हणून पदे, वये आणि घटनेचे काही तपशील बदलले आहेत. पाळीत १४ जण होते: केंद्र अधिकारी, दोन लीडिंग फायरमन, तीन चालक आणि आठ फायरमन. वॉच रूममध्ये वर्दी (मदतीसाठी आलेली हाक) घेणारी ऑपरेटर त्यांच्याच वेळेत काम करायची, पण कागदोपत्री ती वेगळ्या विभागाची होती.

कामाची रचना २४ तास ड्युटी आणि ४८ तास सुट्टी अशी होती. जागा रिकाम्या असल्याने प्रत्येकाला महिन्यातून तीन-चार वेळा सुट्टीतून बोलावले जाई. मग २४ तासांचे ३६ होत, कधी ४८. मागच्या वर्षभरात पाळीतले पाच जण पाठ, खांदा किंवा गुडघा दुखावून रजेवर गेले होते. पाठीच्या तिन्ही दुखापती आगीत झालेल्या नव्हत्या. एक गाडीतून पंप उतरवताना झाली, एक जिन्यावरून रुग्ण खाली आणताना, आणि एक पहाटे चार वाजता घंटा वाजल्यावर पलंगावरून उठून धावताना.

अशा परिस्थितीत एका निवासी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर रात्री आग लागल्याची वर्दी आली. श्वसनसंच (पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क) घातलेली दोघांची जोडी आत गेली. ‘क’ या फायरमनने दोन मुलांना बाहेर आणले. दोन्ही मुले वाचली नाहीत. त्याच रात्री पाळीला आणखी दोन वर्द्यांवर जावे लागले.

अडचण कशी दिसली आणि नेमकी काय होती

पुढच्या पाच आठवड्यांत केंद्र अधिकाऱ्यांच्या वहीत ज्या नोंदी झाल्या, त्या वरवर एकमेकींशी संबंध नसलेल्या होत्या. दोन जणांची पाठ धरली. हजेरीच्या वेळी दोघांत हाणामारी होता होता राहिली. एक चालक ड्युटी संपवून घरी जाताना डुलकी लागून दुचाकीवरून पडला. कवायतीत जोड्यांची हवा लवकर संपू लागली. ‘क’ बोलेनासा झाला होता आणि मुलांशी संबंधित वर्दी आली की तो गाडीच्या मागच्या बाजूला काहीतरी काम शोधायचा.

केंद्र अधिकाऱ्यांनी याचा अर्थ लावला तो असा: शिस्त ढिली झाली आहे आणि अंगातली ताकद कमी पडते आहे. हा अर्थ अनेक केंद्रांत लावला जातो, कारण ताकद डोळ्यांना दिसते. शरीराची आणि मनाची रोजची झीज भरून निघते आहे की नाही, हे दिसत नाही. आमच्या मते या पाळीचा खरा प्रश्न झिजेचाच होता. वर्द्या पूर्वीइतक्याच होत्या, पण दोन वर्द्यांच्या मध्ये जे भरून यायला हवे ते येत नव्हते. त्या रात्रीने एक मोठा घाव घातला, आणि तो भरून निघायला लागणारी झोप, उसंत आणि माणसे यांपैकी काहीच जागेवर नव्हते.

पाचव्या आठवड्यात व्यवसाय आरोग्य डॉक्टर केंद्रात आल्या. त्यांनी कोणालाही प्रश्नावली देण्याआधी सगळ्यांना १४ दिवसांची झोपेची वही दिली: केव्हा आडवे झालो, केव्हा उठलो, किती वेळा घंटा झाली, त्यातली आपल्या गाडीची किती. ड्युटीच्या रात्री सरासरी झोप साडेतीन तास निघाली, तीही तीन तुकड्यांत. एका रात्रीत सरासरी सहा वेळा घंटा वाजत होती. त्यातल्या फक्त दोन वर्द्या ज्याच्या त्याच्या गाडीच्या असत. उरलेल्या चार वेळा १४ माणसांचे हृदय उगाच धडधडत उठत होते.

यात विशेष काय, असे वाटू शकेल. अग्निशमन दलात रात्री जागावेच लागते. पण डॉसन आणि रीड यांनी १९९७ साली दाखवून दिले की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते. गाढ झोपेतून एकदम उठवलेल्याचे डोके पूर्ण चालू व्हायला १५ ते ३० मिनिटे लागतात. बंब मात्र एक-दीड मिनिटात बाहेर पडायचा असतो. पहाटे चारला दुखावलेली पाठ ही कमकुवत स्नायूंची गोष्ट नव्हती. झोपेत जखडलेल्या शरीराला पहिल्याच झटक्यात वाकवून उचलायला लावण्याची ती गोष्ट होती.

पहिला निर्णय: घटनेनंतरचे ७२ तास

दुसऱ्याच दिवशी वरिष्ठांकडून सूचना आली की सगळ्या पाळीला एकत्र बसवून प्रत्येकाकडून त्या रात्रीचे अनुभव बोलून घ्यावेत. हजेरी सक्तीची.

ही पद्धत हवेतून आलेली नाही. जेफ्री मिचेल यांनी १९८३ साली आपत्कालीन सेवकांसाठी अशा गटबैठकीची रीत मांडली आणि ती जगभर पसरली. पण २००२ सालच्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) दिसले की आघातानंतर लगेच घेतलेल्या एका बैठकीने आघातोत्तर ताणविकार (पीटीएसडी) टळत नाही, आणि काहींच्या बाबतीत त्रास वाढण्याची शक्यता असते. आढाव्यातले बरेचसे अभ्यास गटांचे नसून एकेकट्या जखमी माणसांचे होते, हा आक्षेप रास्त आहे. तरी उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने आपल्या मार्गदर्शनात अशी बैठक देऊ नये असेच सांगितले आहे. सक्ती केली की ज्याला अजून बोलायचे नाही त्याला बोलावे लागते, आणि ज्याने धुराबाहेर राहून पंप चालवला त्याला आतले सगळे तपशील कानी पडतात. न पाहिलेले चित्रही मग त्याच्या डोक्यात बसते.

समोर तीन पर्याय होते. सक्तीची गटबैठक घ्यायची. काहीच न करता कामाला लागायचे. किंवा कामाचा आढावा वेगळा आणि माणसांची विचारपूस वेगळी ठेवायची. केंद्र अधिकाऱ्यांनी सूचना टाळण्यासाठी दुसरा पर्याय घेतला. बैठक झाली नाही, पण तिच्या जागी काहीही झाले नाही. सक्तीची बैठक टाळली हे बरोबर होते. त्यानंतर सोडून दिलेली पोकळी मात्र महाग पडली.

तिसरा पर्याय प्रत्यक्षात असा दिसला असता. केंद्रावर परतल्यावर पहिल्या तासात गाडी पुन्हा सज्ज करण्याचे काम दुसऱ्या पाळीकडून किंवा राखीव लोकांकडून करून घ्यायचे. आंघोळ, कोरडे कपडे, पाणी, खाणे. अधिकाऱ्याने दहा मिनिटांत फक्त ठाऊक असलेली माहिती सांगायची: काय झाले, मुलांचे काय झाले, चौकशी कोण करणार, माध्यमांशी कोण बोलणार. अफवा इथेच थांबतात. ज्या जोडीने मुलांना बाहेर आणले त्यांना त्या रात्रीपुरते पुढच्या वर्द्यांतून बाजूला ठेवायचे. घरी कोण आहे, गाडी कोण चालवणार, हे विचारायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ सालच्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेत हीच तीन कामे सांगितली आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या.

दुसरा निर्णय: तंदुरुस्तीची मोहीम, आणि ती का फसली

चौथ्या आठवड्यात केंद्र अधिकाऱ्यांनी सकाळच्या कवायतीनंतर चढाओढीचा व्यायाम सुरू केला. श्वसनसंच पाठीवर घेऊन सहा मजले तीन वेळा, मग १०० बैठका, मग होज (पाण्याचा पाइप) ओढणे. वेळ फळ्यावर लिहायची. शेवटच्या दोघांना पुन्हा एक फेरी.

तिसऱ्या दिवशी ‘ख’ या फायरमनच्या मांड्या सुजल्या आणि लघवी गडद तपकिरी झाली. त्याला रुग्णालयात नेले. निदान रॅब्डोमायोलिसिसचे झाले. यात स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातले मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांना इजा करू शकते. शिरेतून सलाइन दिल्यावर तो बरा झाला, पण तीन आठवडे कामावर येऊ शकला नाही.

कारणे एकावर एक साचली होती. सवय नसताना एकदम खूप बैठका, त्यातही खाली जातानाचा ताण, जो स्नायूतंतूंना सर्वांत जास्त फाडतो. उष्ण दिवस आणि जाड पोशाख. आदल्या रात्री तीन तास झोप. आणि ‘ख’ पाठीसाठी रोज वेदनाशामक गोळ्या घेत होता. शरीरात पाणी कमी असताना या प्रकारच्या गोळ्या मूत्रपिंडांवरचा भार वाढवतात. हे त्याने कोणाला सांगितले नव्हते, कारण विचारणारे कोणी नव्हते आणि फळ्यावर नाव शेवटी यायला नको होते. व्यायाम शिक्षा झाला की माणसे दुखणे लपवतात. डॉक्टर केंद्रात आल्या त्या याच प्रसंगामुळे.

तिसरा निर्णय: आधी काय हाताळायचे

केंद्र अधिकारी, डॉक्टर, दोन्ही लीडिंग फायरमन आणि दलाशी करारावर असलेले मानसशास्त्रज्ञ एकत्र बसले तेव्हा यादी लांब होती: नवी व्यायामशाळा, ताण व्यवस्थापनाचे शिबिर, पाळीचे १२ तासांत रूपांतर, बदल्या. व्यायामशाळेला पैसे लागत होते आणि तिने झोपेचा प्रश्न सुटत नव्हता. १२ तासांच्या पाळीला वरून मंजुरी हवी होती, आणि लांबून येणाऱ्या लोकांचा तिला विरोध होता. एका दिवसाच्या शिबिराला कोणाचाच विरोध नव्हता. त्यातून काही होणार नाही हे सगळ्यांना माहीत असावे.

ठरलेला क्रम असा: पहिले चार आठवडे झोप, मग शरीर, आणि या दोन्हींच्या बरोबरीने एकेकट्याशी बोलणे. झोप आधी घेण्यामागचा विचार सरळ होता. तुटक झोपेवर व्यायामाचा भार चढत नाही, दुखापत वाढते. आणि मनावरच्या आघाताची तीव्रता मोजायला गेलो तर निम्मी लक्षणे झोपेच्या अभावाची निघतात.

काय केले: झोप

घंटेची जोडणी बदलली. ज्या गाडीची वर्दी, त्याच गाडीच्या लोकांच्या खोलीत घंटा. सुरुवातीला मंद आवाज आणि दिवा, मग तीन-चार सेकंदांत पूर्ण आवाज. हे काम केंद्राच्या वायरमनने दोन दिवसांत केले. सहा महिन्यांतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक बदल हाच होता.

रात्री दहानंतर गाडी धुणे, नोंदवह्या, सामानाची मोजणी बंद. दुपारी दोन ते चार विश्रांती, त्यात २० मिनिटांची किंवा दीड तासाची झोप. मधली ४०-५० मिनिटांची टाळायची, कारण गाढ झोपेतून उठावे लागते. झोपायच्या आधी सहा तास चहा-कॉफी नाही. कॅफिनचे प्रमाण निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात.

दुहेरी ड्युटीवर ३६ तासांची कमाल मर्यादा घातली आणि तिच्यानंतर ४८ तास बोलावणे बंद केले. मध्यरात्रीनंतर दोनपेक्षा जास्त वर्द्या झालेल्याने घरी जाण्याआधी केंद्रावर ९० मिनिटे झोपायचे, किंवा दुसऱ्याच्या गाडीने जायचे. हा नियम पाळला जात नव्हता, कारण घरी जायची घाई सगळ्यांनाच असते. दुचाकीवरून पडलेल्या चालकाने स्वतः तो उचलून धरला तेव्हा तो रुळला.

काय केले: शरीर

आधी तपासणी: रक्तदाब, रक्तशर्करा, चाळिशीपुढच्यांचा ईसीजी, आणि चालू गोळ्यांची यादी. यात हयगय नको. केल्स आणि सहकाऱ्यांच्या २००७ सालच्या अमेरिकी अभ्यासात अग्निशामकांच्या ड्युटीवरच्या हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी ३२ टक्के मृत्यू आग विझवताना झालेले आढळले, आणि त्या कामात त्यांचा वेळ जातो जेमतेम १ ते ५ टक्के. या पाळीत दोघांचा रक्तदाब उपचाराच्या पातळीचा निघाला. दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

मग आठवड्याची आखणी. ड्युटीवरच्या दिवशी एकच सत्र, ४० मिनिटांपेक्षा जास्त नाही, श्रम १० पैकी ६ पर्यंत. पुढच्या दहा मिनिटांत वर्दी आली तर पूर्ण ताकदीने काम करता आले पाहिजे, ही त्याची कसोटी. सुट्टीच्या दोन दिवसांपैकी एक दिवस ताकदीचा आणि एक दमाचा.

ताकदीच्या दिवशी कंबरेतून न वाकता नितंब मागे नेऊन वजन उचलणे, ५ वेळा, ३ फेऱ्या; दोन हातांत प्रत्येकी २० किलो घेऊन ३० मीटर चालणे, ४ फेऱ्या; ३० सेंटिमीटरच्या पायरीवर २० किलोसह चढउतार; होज किंवा वजन ओढणे; आणि कुशीवरचे प्लँक (एका कोपरावर अंग सरळ धरून राहणे). वजन आठवड्याला ५ टक्क्यांच्या आतच वाढवायचे. हातातले वजन घेऊन चालणे वरवर किरकोळ वाटते, पण स्ट्रेचर आणि पंप उचलण्याच्या सर्वांत जवळचा व्यायाम तोच आहे.

दमाच्या दिवशी ४५ मिनिटे, पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने. तरुण फायरमनना हे पटत नव्हते. घामाने निथळल्याशिवाय व्यायाम झाला असे त्यांना वाटेना. त्यांना हिशेब करून दाखवला. ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाने भरला तर त्यात साधारण २,००० लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर वापरणाऱ्याला ती ५० मिनिटे पुरेल, आणि धापा टाकत १०० लिटर वापरणाऱ्याला २० मिनिटे. हवा संपत आल्याचा इशारा देणारी संचाची शिट्टी ५५ बारच्या आसपास वाजते, म्हणजे काम करायला मिळणारा वेळ याहून कमी. दम वाढवणे म्हणजे आतमध्ये पाच-सात मिनिटे जास्त मिळवणे, हे कळल्यावर संथ धावण्याला कोणी हसले नाही.

श्वसनाचे तंत्रही याच वाटेने आत शिरले. ताण कमी करण्यासाठी श्वास घ्या, असे सांगितले असते तर अर्ध्यांनी मान डोलावून सोडून दिले असते. हवा वाचवण्यासाठी म्हणून शिकवले तेव्हा सगळ्यांनी गांभीर्याने केले. मास्क घालून नेहमीसारखा श्वास आत, आणि बाहेर सोडताना तोंड मिटून ‘हं’ असा लांब हुंकार. मोकळ्या वेळी मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटे. एक धोका मात्र आवर्जून सांगावा लागतो: चार मोजत श्वास रोखून धरण्याचा प्रकार पलंगावर ठीक आहे, मास्कमध्ये श्रम करताना तो वापरायचा नाही. कार्बन डायऑक्साइड साठतो, डोके दुखते, गोंधळ वाढतो आणि शेवटी हवा जास्तच लागते.

आगीच्या ठिकाणी विश्रांतीचा नियम ठरला. ४५ मिनिटांच्या क्षमतेचा एक सिलिंडर संपला की २० मिनिटे बाहेर. कोट काढायचा, विजार बुटांपर्यंत खाली, आणि कोपरापर्यंत हात १५ ते २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात. हातांत रक्तवाहिन्या भरपूर असल्याने शरीर यात पंख्यापेक्षा लवकर थंड होते. २० मिनिटांनंतरही नाडी १०० च्या वर असेल तर पुन्हा आत पाठवायचे नाही. कवायतीच्या दिवशी आधी आणि नंतर वजन करून पाहिले: एक किलो कमी झाले म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेले, आणि भरून काढायला सव्वा ते दीड लिटर प्यावे लागते.

काय केले: मन

प्रत्येक पाळीतून दोन सहकारी निवडले. अधिकारी नकोत, आणि नुसते लोकप्रियही नकोत. ज्यांच्या पोटात गोष्ट राहते असे. पाळीने चिठ्ठ्यांनी नावे सुचवली. मानसशास्त्रज्ञांनी त्यांना चार दिवस शिकवले. ब्रिटिश रॉयल मरीन्समधून आलेल्या ट्रिम पद्धतीप्रमाणे (आघातानंतर सहकाऱ्यांनीच विचारपूस करण्याची रीत) मोठ्या घटनेनंतर साधारण ७२ तासांनी एक आणि महिन्याने दुसरी, अशी एकेकट्याशी ठरलेली भेट. पहिल्या भेटीत घटनेआधी, घटनेत आणि नंतर काय झाले एवढेच विचारायचे. ‘तुला कसं वाटलं’ हा प्रश्न त्यानेच दार उघडले तर. दुसऱ्या भेटीत झोप, राग, दारू, टाळाटाळ, घरचे वातावरण यांत फरक पडला का ते पाहायचे. निवांतपणा हवा, म्हणून या भेटी गाडी तपासताना किंवा चालता चालता होत. समोरासमोर खुर्च्या मांडल्या की पोलिसी चौकशीची कळा येते.

भेटीच्या सुरुवातीलाच गुप्ततेची हद्द सांगायची: तू सांगशील ते माझ्यापाशी राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर मी एकटा ते पोटात ठेवणार नाही. आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ शब्दांत विचारायला शिकवले. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर हो आले तर त्या माणसाला एकटे सोडायचे नाही आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत गाठायची.

‘क’ ची पहिली भेट झाली तेव्हा घटनेला सात आठवडे उलटले होते. रात्री जाग आणणारी दृश्ये, मुलांच्या आवाजाने दचकणे, वर्दी टाळणे आणि रोजची दारू. महिन्याहून जास्त काळ ही लक्षणे टिकली की आघातोत्तर ताणविकाराची तपासणी करावीच लागते. मानसशास्त्रज्ञांनी निदान पक्के केले आणि आघातकेंद्री वर्तनोपचार सुरू केले, आठवड्याला एक असे १२.

चौथा निर्णय: ‘क’ ला कुठे ठेवायचे

चार पर्याय होते: पूर्ण रजा, कार्यालयात बदली, नेहमीचे काम, किंवा पाळीतच राहून वेगळे काम. वरिष्ठांचा कल रजेकडे होता, कारण ती सुरक्षित दिसते. रजेत माणूस घरात एकटा पडतो, पाळीपासून तुटतो आणि टाळाटाळ पक्की होते. आठ आठवड्यांनी परत येणे पहिल्यापेक्षा अवघड होते. नेहमीचे काम चालू ठेवावे तर जोडीदाराचा जीव त्याच्यावर अवलंबून. दारूचा प्रश्न उघड असताना ते शक्यच नव्हते.

चौथा पर्याय घेतला. श्वसनसंचाच्या जोडीतून बाहेर, उपकरणांची देखभाल आणि कवायतीत मदत, रात्री बाहेरच्या वर्द्या नाहीत. पगार आणि पद तेच. पाळीला काय सांगायचे ते ‘क’ ने ठरवले: उपचार चालू आहेत, अमुक महिन्यापर्यंत आत जाणार नाही, बाकी विचारू नका. परतीची पायरीही आधीच लिहून ठेवली: आधी कवायतीतला धूर, मग दिवसाच्या वर्द्या, मग रात्र. प्रत्येक पायरीवर पुढे जायचे की थांबायचे हे उपचार करणारे आणि ‘क’ मिळून ठरवणार. अधिकाऱ्यांना फक्त ‘योग्य’ किंवा ‘अजून नाही’ एवढेच कळणार. निदानाचा कागद केंद्रात आलाच नाही.

निष्पत्ती

सहा महिन्यांनंतर पाळीत दोन दुखापती झाल्या होत्या. दोन्ही सौम्य, पाठीची एकही नाही. ड्युटीच्या रात्रीची झोप साडेतीनवरून पावणेपाच तासांवर गेली आणि तुकडे कमी झाले. कवायतीत त्याच कामाला सिलिंडर जास्त वेळ पुरू लागले. १४ माणसांच्या आकड्यांवरून मोठे दावे करता येत नाहीत, शिवाय याच काळात दोन रिकाम्या जागा भरल्या गेल्या, आणि त्याचा वाटा यात नक्कीच मोठा आहे.

‘क’ पाचव्या महिन्यात दिवसाच्या वर्द्यांवर परतला. सातव्या महिन्यापर्यंत रात्रीची पायरी झाली नव्हती आणि कोणी घाई केली नाही. ‘ख’ पूर्ण बरा होऊन परतला. हाणामारीपर्यंत गेलेल्या दोघांपैकी एकाने बदली मागून घेतली. त्याच्याशी दोन्ही भेटी झाल्या होत्या. सगळ्यांचेच जमते असे नाही.

वॉच रूमच्या ऑपरेटरपर्यंत मात्र तिसऱ्या महिन्यापर्यंत कोणी पोचले नव्हते. मुलांच्या आईचा फोन तिने घेतला होता आणि गाडी पोचेपर्यंत ती फोनवर होती. पाळीच्या यादीत नाव नसल्याने ती भेटींच्या यादीतही नव्हती. तिने स्वतः रजेचा अर्ज केला तेव्हा हे उघड झाले.

पुन्हा करायचे झाले तर

घटनेशी संबंधित माणसांची यादी हजेरीपटावरून काढू नये. वर्दी कोणी घेतली, गाडी कोणी चालवली, रुग्णवाहिकेत कोण होते, दुसऱ्या दिवशी पोशाख आणि होज कोणी धुतले, अशी घटनेच्या वाटेने काढावी. या प्रकरणात ती यादी १४ ऐवजी २१ जणांची झाली असती.

महिन्याची भेट तारीख घालून वहीत लिहावी. रजेवरचे लोक तिच्यातून सर्वाधिक निसटतात, म्हणून त्यांना फोन कोण करणार हेही आधीच ठरवावे. घरच्यांसाठी एक पानी माहिती पहिल्याच आठवड्यात द्यायला हवी होती: पहिले काही आठवडे चिडचिड आणि जाग येणे अपेक्षित आहे, महिन्यानंतरही टिकले तर कोणाशी बोलायचे. ‘क’ च्या घरी हे सगळे तिसऱ्या आठवड्यापासून दिसत होते. सांगायचे कोणाला, हे त्यांना माहीत नव्हते.

झोपेची वही घटनेची वाट न पाहता वर्षातून दोनदा भरून घ्यावी. घंटेची जोडणी एक वर्ष आधी बदलली असती, तर पहाटे चारची ती पाठ कदाचित वाचली असती. व्यायामाचा भार वाढवण्याआधी तीन प्रश्न विचारणे बंधनकारक करावे: काल किती झोपलास, कोणत्या गोळ्या चालू आहेत, लघवीचा रंग कसा आहे. मोठ्या सुट्टीनंतर किंवा आजारानंतर परतलेल्याचा पहिला आठवडा निम्म्या भाराचा असावा. उन्हाची सवयही दोन-तीन आठवड्यांच्या खंडात उतरते आणि पुन्हा यायला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून उन्हाळ्यात परतणाऱ्यांना पहिले दहा दिवस पूर्ण पोशाखातली लांब कवायत देऊ नये.